करडीच्या फुलाचा रंग

“तळहात खोटं बोलते. हाताची पाठ नाई बोलत.”

हे मला उद्देशून नव्हतं. रंगारीकाका आमच्या गॅरेजच्या फळीवरून हाताची उलटी बाजू फिरवत स्वतःशीच बोलत होते, आणि मी खिडकीच्या पडद्याआड उभी राहून ऐकत होते. तळहाताला कामानं घट्टे पडलेले, त्याला लाकडाची खरखर कळत नाही. पाठीची कातडी अजून कोवळी. तिला बारीकसं कुसळ लागलं तरी समजतं. त्यानंतर मीही कित्येकदा गुपचूप टेबलावरून हाताची पाठ फिरवून पाहिली आहे. तुम्हीही पाहा.

आदिलाबादचं आमचं घर पूर्वी एका जंगल ठेकेदाराचं होतं. त्यानं आपल्या जीपसाठी सागवानी फळ्यांचं गॅरेज बांधलं होतं. बाबांनी घर घेतलं तेव्हा गॅरेजही आलं, आणि त्यात आमच्या दोन सायकली राहू लागल्या. एवढ्या जागेत त्या पाहुण्यांसारख्या अवघडून उभ्या असत.

पहिले चार दिवस काकांनी रंगाचा डबा उघडलाच नाही. जुना रंग खरवडला, भेगांत लांबी, म्हणजे पुट्टी, भरली, काचकागदानं घासलं, पुन्हा हात फिरवला. बाबांनी विचारलं, रंग कधी? तर म्हणाले, “घाई काऊन, मास्तर? लाकडाले हो म्हणू द्या.” मग दुपारभर ते एकाच फळीशी बसले. फळीनं बहुधा संध्याकाळी हो म्हटलं.

ते मूळचे वांकिडीकडचे. तरुणपणी निर्मलला लाकडी खेळण्यांवर रंग देत. पोपटाचा डोळा, मोराच्या पिसावरचा ठिपका, असली कामं. पुढे नजर अधू झाली, बारीक ब्रश सुटला आणि हातात चार बोटं रुंदीचा ब्रश आला. याचं त्यांना वाईट वाटत असेल असं मी धरून चालले होते. पण एकदा आई त्यांना चहा देत असताना ते सांगत होते, “खेळणं डब्यात बसून जाते, बाई. कोणाच्या घरी गेलं, आपल्याले काई पत्ता नाई. शाळेचं दार कसं, जाता-येता दिसन.”

शाळेचं दार म्हणजे बाबांची शाळा. गॅरेज नीट झालं तर शाळेच्या दारा-खिडक्यांसाठी हेडमास्तरांकडे यांचंच नाव सांगेन, असं बाबांनी त्यांना कबूल केलं होतं. ते काम त्यांना फार हवं होतं. सायकलवरून शाळेपुढून जाताना ते उतरून दारं मोजतात, असं बाबा हसत सांगायचे.

मी इंग्रजी शाळेत शिकलेली. घरात मराठी कानावर पडायची, पण बोलताना शब्द अडला की मी गप्प बसे. ही सवय इतकी मुरली की लोक मला शहाणी समजू लागले.

पाचव्या दिवशी सकाळी आई-बाबा आपापल्या शाळेला निघाले. आई फाटकाबाहेर पोचली होती. बाबा चप्पल घालता घालता म्हणाले, “त्यांना सांग, बाहेरून करडा द्यायचा.” बाबा मराठीचे शिक्षक, त्यांचे शब्द पुस्तकातले. मला ‘ग्रे’ ठाऊक होता. करडा कधी ऐकला नव्हता. पण जैनथच्या रस्त्याला करडीची शेतं पाहिली होती, फुलं पिवळी-केशरी. मला वाटलं, समजलं.

निरोप ऐकून काकांनी मात्र विचारलं, “करडा म्हंजे कोन्ता, माय?”

“करडी असते ना शेतात? तिच्या फुलाचा.”

ते जरा थांबले. “मास्तरनं करडीच म्हटलं?”

मी मान हलवली. एखादी गोष्ट मला माहीत असण्याचा आनंद क्वचितच मिळे, तो मी सोडला नाही.

ते सायकलवर गेले आणि तासाभरानं परतले ते खिशात कागदात गुंडाळलेलं करडीचं फूल घेऊन. ते फूल त्यांनी फळीवर ठेवलं, पिवळ्यात लाल थेंब थेंब सोडला, लावून पाहिलं, पुसलं, पुन्हा मिसळलं. नजर अधू झालेला माणूस फूल डोळ्यांशी नेऊन पाहत होता. दुपारपर्यंत पहिला हात पुरा झाला, आणि खरं सांगते, लाकडाला फुलं आल्यासारखं दिसत होतं. शेजारच्या तेलुगू मावशींनी कुंपणावरून विचारलं, मुलीचं लग्न ठरलं का.

काकांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. पण त्यांच्याबद्दल सांगायचं तर ती संध्याकाळ वगळता येत नाही.

बाबा फाटकातच थबकले. करडा म्हणजे राखेसारखा, हे त्यांनी वर्गात समजावतात तसं समजावलं. हा कुठला रंग, कोणी सांगितला, असं विचारलं.

काकांना सगळं तिथल्या तिथे कळलं असणार. मी दारात उभी होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पाहिलं असतं तर बाबांना समजलं असतं. ते ब्रश पुसत म्हणाले, “मीच चुकलो, मास्तर. कान कच्चा झाला माझा. उद्या यावरून राखेचा मारून देतो.”

बाबांचा आवाज चढला नाही, उलट उतरला. “आता शाळेचं मी कोणत्या तोंडानं सांगू? तिथे हिरवा सांगितला आणि तुम्ही भलताच ऐकलात तर?”

काकांनी डब्याचं झाकण बसवलं, आणि फळीवरून एकदा हाताची पाठ फिरवली, रंग ओला आहे हे विसरून. पाठ केशरी झाली.

मी पायरी उतरले.

“बाबा, त्यांचा कान चांगला आहे,” मी म्हणाले. “चुकीचं सांगितलं ते मी.”