सुनंदाच्या मापाचा मी

माझ्या धडाचा एक हुबेहूब पुतळा आमच्या घरी तयार झाला, आणि तो माझ्या बायकोचा आहे असं आम्ही सगळे आठवडाभर समजत होतो.

आम्ही सगळे म्हणजे मी, माझी मुलगी मृणाल आणि माझी मोठी बहीण कमलताई. बायको, म्हणजे सुनंदा, त्या आठवड्यात घरी नव्हती. तिच्या आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं, म्हणून ती माहेरी कन्हानला गेली होती. मी घरी असते तर हे झालंच नसतं, असं ती अजून म्हणते. (ती घरी असती तर दुसरं काहीतरी झालं असतं, असं माझं मत आहे. ते मी तिला अजून सांगितलेलं नाही.)

मृणाल फॅशन डिझाइनच्या शेवटच्या वर्षाला होती. मी पाटबंधारे खात्यात नोकरीला. कापडाशी माझा संबंध रुमालापुरता. तरी पोरीने मला समजावून सांगितलं, की कपडा बनवायच्या दोन पद्धती असतात. एक, कागदावर मापं आखायची, कागद कापायचा, तो कापडावर ठेवून कापड कापायचं. त्याला पॅटर्न मेकिंग म्हणतात. दुसरी, कापड सरळ पुतळ्याच्या अंगावर टाकायचं, चुण्या पाडायच्या, टाचण्या लावायच्या आणि जसं पडेल तसं शिवायचं. त्याला ड्रेपिंग म्हणतात. शेवटच्या परीक्षेला या दोन्ही पद्धती एकाच कपड्यात वापरायच्या होत्या.

"म्हणजे वरचा भाग कागदावरून अन् खालचा अंगावरून," मृणाल म्हणाली. "अन् दोन्ही कमरेत एकमेकाले बरोबर भेटले पाहिजे, बाबा. नाही भेटले तर मी गेली!"

तिने आईसाठी कोशाच्या रेशमाचा लांब झगा करायचं ठरवलं होतं. का, तर पन्नाशीच्या बाईला तयार कपड्यांच्या दुकानात काही म्हणजे काही बसत नाही. खांद्यात बसलं तर पोटात अडतं, पोटात बसलं तर खांद्यावरून ओघळतं. अशा बाईला शोभेल असा झगा करून तो परीक्षेत आईलाच घालायला लावायचा, हा तिचा बेत. बेत चांगला होता. सुनंदानेही कन्हानला जायच्या आधी मुकाट्याने मापं दिली होती. अडलं ते पुतळ्यापाशी. कॉलेजचा पुतळा इतका सडपातळ, की त्याच्यावर बेतलेला कपडा सुनंदाच्या एका हातात गेला असता.

"चिकटपट्टीचा पुतळा करता येते," मृणाल म्हणाली. "माणसाले जुना टीशर्ट घालायचा, वरून पॅकिंगची चिकटपट्टी घट्ट गुंडाळायची, मग मागून कापून काढायचं अन् आत चिंध्या भरायच्या. पण आई तर कन्हानला. कोणाले गुंडाळू?"

इथे मी गप्प बसायला हवं होतं.

"मले गुंडाळ," मी म्हणालो. "तुझ्या आईचा स्वेटर मले बरोबर होते."

मृणालने माझ्याकडे संशयाने पाहिलं आणि टेप आणली. टेप कमरेला लागताच मी ताठ उभा राहिलो, जसा कोणीही सभ्य माणूस राहील. आणि काय सांगावं! कंबर तंतोतंत सुनंदाची निघाली! छातीचा प्रश्न होता, तो मृणालने टीशर्टच्या आत दोन लोकरी कानटोप्या कोंबून सोडवला.

एप्रिल महिना. नागपूरचा एप्रिल. कूलरच्या वाऱ्याने चिकटपट्टी फडफडते म्हणून मृणालने कूलर बंद केला. मी दोन्ही हात पसरून हॉलच्या मधोमध उभा, आणि ती करकरा पट्टी ओढत माझ्याभोवती फिरायला लागली. छातीपासून सुरुवात करून ती पोटापर्यंत पोचली, तेव्हा मी खाकी रंगाचं पार्सल झालो होतो. फक्त पत्ता टाकायचा बाकी होता.

"बाबा, तुम्ही श्वास नाही घेऊन राहिले का?"

मी मानेनेच 'घेतोय' म्हणालो. बोललो असतो तर पोट सुटलं असतं.

अशा वेळी दार ढकलून कमलताई आत आली. ही भिवापूरला राहते. दर उन्हाळ्यात नवी मिरची घेऊन येते आणि येण्याआधी कळवायची तिला सवय नाही. तिने मला पाहिलं आणि हातातली पिशवी खाली टाकली.

"अरू! काय झालं गा तुले? कुठं पडला? बरगड्या मोडल्या का?"

मी म्हणालो, "हं."

"काहून बोलत नाही हा? मृणाल, याची वाचा गेली का वं?"

"नाही ना, आत्या! काही नाही झालं! मी बाबांची आई करून राहिली!"

हे वाक्य पोरीच्या मनात सरळ असेल. ऐकणाऱ्याला ते सरळ वाटलं नाही. कमलताईने माझ्या छातीवरच्या दोन कानटोप्यांकडे पाहिलं, देव्हाऱ्याकडे पाहिलं आणि निदान केलं, "दृष्ट लागली."

मृणाल 'आत्या, आत्या' करेपर्यंत ताई स्वयंपाकघरात होती. तवा तापला. भिवापुरी मिरच्या माझ्यावरून ओवाळल्या गेल्या आणि तव्यावर पडल्या. ज्यांनी भिवापुरी मिरची फक्त रश्श्यात खाल्ली आहे, त्यांना तिचा धूर म्हणजे काय ते कळायचं नाही. बंद कूलर, बंद खिडक्या, आणि मी चिकटपट्टीत! पहिला ठसका मी गिळला. दुसरा नाकातून सोडला. तिसऱ्याला मात्र आवरणं माणसाच्या हातात नव्हतं. मी खोकलो, आणि कमरेपाशी 'टर्रर्र' असा आवाज आला.

"पट्टी उकलली!" मृणाल डोळे पुसत ओरडली. तिलाही काही दिसत नव्हतं. तिने खोकत खोकतच त्या जागी नव्या पट्ट्या मारल्या. एकावर एक, भरपूर. मी आता अगदी आरामात होतो. इतका आराम अचानक का वाटायला लागला, याचा विचार मी केला नाही. पोरीनेही केला नाही.

"पाह्यलं?" कमलताई म्हणाली. "केवढा ठसका लागला! उतरली दृष्ट!"

मग मागून कैचीने कापून मला बाहेर काढण्यात आलं. कवचात चिंध्या भरून ते जुन्या पंख्याच्या दांडीवर उभं केलं, आणि मृणालने त्याला नाव दिलं 'आई'. कमलताईला सगळी हकिकत नीट सांगितली. तिला पटलीसुद्धा. पण त्याआधीच तिने भावोजींना फोन केला होता, आणि भावोजींनी उरलेल्या गोतावळ्याला. दुसऱ्या दिवशी माझा चुलतभाऊ शहाळी घेऊन आला. मी स्वतः दार उघडलं म्हणून तो नाराज झाल्यासारखा वाटला.

इकडे काम जोरात सुरू झालं. सुनंदाच्या मापांवरून मृणालने कागद आखला आणि त्यावरून झग्याचा वरचा भाग कापून कच्चा शिवला. खालचा घेर पुतळ्यावर सोडला. काय पडलं होतं ते कापड! डाव्या कमरेपासून कोशाच्या चुण्या अशा निघाल्या होत्या, की कमलताईसुद्धा 'हे मले जमलं नसतं' म्हणाली, आणि ती असं कोणालाच म्हणत नाही. मग मृणालने वरचा भाग पुतळ्याला घातला, आणि तो कमरेत बंदच होईना. चांगली चार बोटांची फट!

पोरगी मटकन खाली बसली. "कागद चुकला माझा. पुन्हा मापं पाहा म्हटलं तर आई नाही इथं."

इथे दुसऱ्यांदा मी गप्प बसायला हवं होतं.

"हे पाह्य," मी म्हणालो. "कागद चुकू शकते. पुतळा कसा चुकीन? तो तर अंगावरून काढला!"

कोणाच्या अंगावरून, हे त्या क्षणी आम्हा दोघांच्याही लक्षात नव्हतं. आठवडाभर 'आईला इकडे सरकवा', 'आईवर पडदा टाका' असं चाललेलं, त्यामुळे आमची खात्रीच पटली होती. मृणालने वरच्या भागाच्या शिवणी उसवल्या, आतलं राखलेलं कापड सगळं सोडलं आणि पुतळ्याला बसेल असा झगा शिवून टाकला. पुतळ्यावर तो अप्रतिम दिसत होता.

परीक्षेच्या दिवशी मी, कमलताई आणि पुतळा ऑटोने रामदासपेठेत कॉलेजला निघालो. पुतळा माझ्या मांडीवर होता. ऑटोवाल्याने आरशातून आधी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"जुडवा है क्या, काकाजी?"

मी हसलो. मला तो विनोद वाटला.

सुनंदा कन्हानहून थेट कॉलेजात आली आणि झगा घालायला पडद्याआड गेली. मग पडदा सरला. वाळत घातलेली गोधडी चालत यावी तशी सुनंदा बाहेर आली. दोन्ही खांदे दंडांवर उतरलेले, कंबर नाहीच, आणि त्या सुंदर चुण्या पायात लोळत होत्या. एका हाताने तिने झगा गळ्याशी धरला होता, दुसऱ्याने पोटाशी.

हॉलमध्ये बाकीच्या पोरी होत्या, त्यांचे पालक होते, आणि बाहेरून आलेल्या परीक्षक बाई होत्या. कोणी हसलं नाही. ते जास्त वाईट होतं. मृणालचा चेहरा पांढरा पडला.

सुनंदाने झगा सावरत पुतळ्याकडे पाहिलं. "हा कोण?"

"तू," मी म्हणालो.

"मी?" ती त्याच्याभोवती एक चक्कर मारून आली. "हा डावा खांदा उतरलेला, माझा आहे? अन् हे पोट?" तिने पुतळ्याच्या पोटावर टिचकी मारली. "हे पोट मी लग्नापासून ओळखते. फोटो काढायच्या वेळेस हे आत जाते अन् फोटो झाला की बाहेर येते. मृणाल, माप घेतलं तेव्हा हे आत होतं का बाहेर?"

मृणाल हळूच म्हणाली, "माप घेतलं तेव्हा आत." मग तिला तो 'टर्रर्र' आठवला असावा. तिने माझ्याकडे असं पाहिलं, की मी भिंतीवरच्या सूचना वाचायला लागलो.

मला वाटलं, आता ही रडणार. पण पोरगी रडली नाही. ती सरळ परीक्षक बाईंसमोर गेली. "मॅडम, माझा कागद बरोबर होता, पुतळा चुकला. बाकीच्यांचं होईपर्यंत मले वेळ द्या. मी आईवरच करते."

बाईंनी घड्याळ पाहिलं, पुतळा पाहिला, मला पाहिलं. "करा."

मग जे झालं ते बघण्यासारखं होतं. सुनंदाला तिथेच स्टुलावर उभं केलं. मृणालने कमरेची शिवण उसवली, मूळ कागद पिशवीतून काढला आणि वरचा भाग त्याच्यावर ठेवून खडूने पुन्हा आखला. कच्चा टाका घालून आईच्या अंगावर चढवला. नीट बसला! मग घेर आईच्या कमरेला लावून एकेक चुणी नव्याने पाडायला लागली. टाचण्या तोंडात, कैची खांद्यावर. कमलताई दोरा ओवून देत होती. सुनंदा प्रवासाने थकलेली, आईच्या ऑपरेशनची जागरणं अंगात, पण खांबासारखी उभी.

"आई, टोचलं का?"

"टोचू दे. तू कर."

मी मदतीला पुढे झालो, तेव्हा तिघीही एकदम म्हणाल्या, "तुम्ही नका!" (कमलताई 'तू नको गा' म्हणाली, पण अर्थ तोच.)

शेवटी वरचा भाग आणि घेर कमरेत भेटले. नुसते भेटले नाहीत, जोड कुठे आहे तेच कळेना. सुनंदा आरशासमोर गेली आणि एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने पाहत राहिली. मला आधी वाटलं, तिला आवडलं नाही. मग तिने मान वळवून विचारलं, "मागून कसं दिसते वं, मृणाल?" आयुष्यभर हिने कपड्यांत स्वतःला बसवलं होतं. कपडा तिला बसलेला मीही पहिल्यांदाच पाहत होतो.

परीक्षक बाई म्हणाल्या, "कागदाने अंगाला विचारायचं आणि अंगाने कागदाला. तुम्ही मधे तिसऱ्याच माणसाला विचारलंत." पण मार्क त्यांनी हात सैल सोडून दिले.

या गोष्टीला काही महिने झाले, आणि एक दिवस कॉलेजातून चक्क मला फोन आला. मृणालच्या शिकवणाऱ्या बाई बोलत होत्या. "सर, नवीन मुलींसाठी एक तास घ्यायचा आहे. तुम्ही याल का?"

मी भारावून गेलो. मुलींच्या यशात पालकांचा वाटा, यावर चांगलं पानभर भाषण लिहून काढलं, सुनंदाला दोनदा वाचून दाखवलं आणि इस्त्रीचा शर्ट घालून वेळेआधी पोचलो. वर्ग भरलेला होता. बाईंनी माझं स्वागत केलं, मला टेबलावर चढून उभं राहायला सांगितलं आणि फळ्यावर विषय लिहिला : 'अवघड बांधा'. मुली टेप आणि मांजरपाट कापडाचे तुकडे घेऊन रांगेने पुढे आल्या.

तास संपला तेव्हा टाळ्या पडल्या, हे खरं आहे. आता निदान आभाराचे दोन शब्द तरी बोलावेत म्हणून मी खिशातलं भाषण काढायला हात घातला, तेवढ्यात बाई म्हणाल्या, "सर, प्लीज हलू नका. दुसरी बॅच बाहेर थांबली आहे!"