सामाईक कळप

हे मी आजवर कुणापाशी बोललो नाही. बायकोपाशीही नाही. तुम्हाला सांगतोय — का, ते मलाही नीट ठाऊक नाही.

वेल्ह्याच्या वरच्या अंगाला आमची धनगरांची वाडी. तिथला पहिला बी. ए. मी — याचा गर्व होता, आजही आहे, लपवत नाही. पुण्याहून परतलो तो डोक्यात रशिया घेऊन. तिथं जमीन सगळ्यांची, गुरं सगळ्यांची. मग आमच्या शेळ्या का नकोत? एक कळप, रात्री कोंडायला एक वाडगं, पाळीपाळीनं राखण. संध्याकाळी देवळापुढं मी हेच बोलत बसायचो.

"आला बगा रशियाचा पाटील!" गणपा ओरडायचा. लोक हसायचे. ते मला फार झोंबायचं.

धुरपाकाकी तेवढी हसायची नाही. माझी विधवा चुलती. शेळ्या हाच तिचा संसार. एकदा सगळ्यांदेखत तिनं विचारलं, "बाबा, तिकडच्या लोकांनी आपली जितराबं खुशीनं दिली का रं?"

आता इथं — इथंच थांबावंसं वाटतं.

मी वाचलं होतं. द्यावी लागू नयेत म्हणून तिथं कित्येकांनी आपली जनावरं घरीच कापून खाल्ली होती. कॉलेजात कुणी हे काढलं, की 'शत्रूचा अपप्रचार' म्हणून मी त्याला गप्प करायचो. पण मनातून कळत होतं, सगळंच काही खोटं नसणार. तिला ते सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं? त्यांचं कुठं चुकलं ते बघूनच आम्ही आमचं बेतलं असतं ना? पण समोर गणपा दात काढून उभा होता.

"व्हय काकी," मी म्हणालो, "हसत हसत दिली."

दुसऱ्या दिवशी तिनं होत्या नव्हत्या त्या सगळ्या शेळ्या आणून सोडल्या. बाकीच्यांनीही दिल्या — मरतुकड्या. धडधाकट घरामागं बांधून ठेवल्या. पाहुणा आला, जत्रा आली, की सामाईक कळपातलं कापायचं. आणि सुरी पडायची काकीच्याच शेळ्यांवर. तिच्या बाजूनं भांडणार कोण? मी? मी तर 'सुरुवातीला असं चालायचंच' म्हणत होतो. कळप मोडला तेव्हा कानावरच्या खुणा बघून ज्यानं त्यानं आपापल्या ओढून नेल्या. काकीच्या खुणेची एकही उरली नव्हती.

'आपले लोकच अडाणी' असं म्हणून मी भोरला मास्तरकी धरली. काकी दुसऱ्यांच्या शेळ्या वळू लागली. सुट्टीत गेलो की भाकरी वाढायची आणि म्हणायची, "तिकडची मानसं लई देवावानी. आपलीच वंगाळ, बाबा."

मी मान हलवत जेवायचो. ती गेली, तीही हेच खरं मानून.