सदर इसम मॅक्रो वापरत नाही

तुमच्या घराच्या मागावर कधी पोलीस होता का? नसेल तर राग मानू नका, पण तुमच्या बालपणात काहीतरी कमी राहिलं. आमच्या मागावर होता. साध्या वेशातला, खास माझ्या बाबांच्या सभांसाठी नेमलेला. आणि मी पूर्ण जबाबदारीनं सांगते, की गुप्त राहण्याच्या कामाला इतका नालायक माणूस या शहरात दुसरा जन्मलेला नाही. सहा फुटांच्या वर उंची, झुपकेदार मिशा, आणि पायांत खात्याचे तपकिरी बूट, इतके घासलेले की मोर्च्याचे झेंडे त्यांच्यात उलटे दिसावेत. वेश साधा असे, पण त्याच्या आतला पोलीस काही केल्या साधा दिसत नसे. क्रांती चौकात लोक जमले की आधी या साहेबांसाठी खुर्ची लागायची. वक्ते त्यांच्याकडं पाहून वेग कमी करत. "झालं का लिहून साहेब? जाऊ का पुढं?" असं विचारून मगच व्यवस्थेवर पुढचा हल्ला होई.

बाबा छापखान्यात कामाला होते आणि सुट्टी झाली की स्वतःची पत्रकं वाटायचे. मी अक्षरं त्या पत्रकांवर शिकले. 'अ' अननसाचा असतो हे मला शाळेत कळलं, तोवर तो अन्यायाचा होता. या प्रत्येक पत्रकाच्या दोन प्रती 'मागावरचे काका' घेत. आमच्या घरात त्यांना हेच नाव होतं. एक प्रत कचेरीसाठी, दुसरी स्वतःसाठी. मूळचे खुलताबादचे, मराठी आणि दखनी एकाच ताटात कालवून बोलायचे. संध्याकाळी दारात येऊन उभे राहत. "भाऊ, तळाला मुद्रकाचं नाव नाय टाकलं. कायद्यात बसत नाय. टाका, नाय तर मला लिहावं लागंल." बाबा भडकत. "म्हणजे ज्यांच्याविरुद्ध लिहायचं त्यांच्याकडूनच तपासून घ्यायचं का आता?" पण पुढच्या पत्रकावर मुद्रकाचं नाव असे. एकदा तर बाबाच त्यांच्याकडं गेले आणि म्हणाले, "साहेब, मागच्या सभेत मी शेवट काय केला होता? लोकांना लई आवडला होता." काकांनी खिशातून वही काढली, बोटाला थुंकी लावली आणि बाबांना त्यांचंच भाषण वाचून दाखवलं. याच काकांना एकदा वरून विचारणा झाली, की भाषण भडकाऊ होतं असं का लिहिलं नाही? त्यांनी उत्तर पाठवलं, "भाषण लांब होतं. भडकाऊ नव्हतं." काकांची बढती त्यामुळं लांबली असं म्हणतात. बाबांना मात्र अजून त्या 'लांब'चंच वाईट वाटतं.

इतकी वर्षं लोकांच्या मागं चालून त्यांना माणसाच्या शेजारी चालताच येईनासं झालं. बाजारात त्यांची बायको, आमच्या चाची, पुढं आणि हे बरेच मागं, मध्येच पानाच्या टपरीआड थांबणारे. चाची म्हणतात, "निकाह झाल्यापासून मी यांना रस्त्यात बाजूला पाह्यलंच नाय. वळून पाह्यलं तर लपायलेत." एक कप चहा ते दुपारभर पुरवू शकतात. वर्तमानपत्र वाचताना पान उलटत नाहीत, कारण नजर पानावर नसतेच. निवृत्तीनंतर ते आमच्याच पुंडलिकनगरात राहायला आले, तेव्हा बाबा म्हणाले, "बघ, पेन्शन लागली तरी पिच्छा सोडत नाय माणूस." पण त्या दिवशी बाबांनीच त्यांना दोन किलो मोसंबी नेऊन दिली.

आता मूळ गोष्ट. काकांचा पुतण्या नोकरीला परगावी गेला आणि त्याचा कॉम्प्युटर काकांच्या घरी राहिला. त्यावर एक ऑनलाइन गेम होता, जगभरचे लोक एकत्र खेळतात तसला. मी तो आधीपासून खेळत होते. त्यात शिरताना आपण कोण व्हायचं ते निवडावं लागतं: तलवारवाला, जादूगार, माझ्यासारखी जखमा भरणारी, नाहीतर छुपा मारेकरी. हा छुपा सावलीत शिरला की समोरच्याला दिसत नाही. मागून येतो, वार करतो आणि पुन्हा नाहीसा होतो. मी हे समजावून सांगत होते आणि काका पडद्याकडं पाहत होते.

"बेटा, हा खरंच कुणाला दिसत नाय?"

"नाही काका."

"माझ्याएवढा उंच केला तरी?"

"तरी नाही."

काकांनी खुर्ची पडद्याजवळ ओढली. मग म्हणाले, "हाच दे."

सुरुवातीचे कित्येक आठवडे त्यांनी कुणालाच मारलं नाही. अदृश्य होऊन शत्रूच्या मागं फिरत राहिले आणि माइकवर आमच्या टोळीला कळवत राहिले. "सदर इसम बाजारात आला. दोन ढाली पाह्यल्या. घेतली एकबी नाय. आता नदीवर गेला. मासा धरला. सोडून दिला. दिलदार दिसतो." टोळीतली पोरं ओरडायची, "काका, मारा त्याला!" काका म्हणायचे, "काय को? त्यानं केलं काय?" पुढं लढायला शिकले, पण स्वभाव तोच राहिला. या गेममध्ये प्रत्येकाकडं निसटून जायची एक युक्ती असते. ती एकदा वापरली, की पुन्हा तयार व्हायला वेळ लागतो, आणि तेवढा वेळ माणूस उघडा पडतो. काका समोरच्याला हलकासा टोचा देऊन त्याची युक्ती काढून घेत, मग सावलीत थांबत, आणि तो उघडा पडला की त्याच क्षणी वार. असा क्षण त्यांनी हुकवला असं मी कधी पाहिलं नव्हतं. "पळणारा पळायच्या आधी सांगतो बेटा," ते म्हणाले. "मोर्च्यात लाठी पडायच्या आधी मागची रांग हलते ना? हितंबी माणूस उगीच एक पाऊल इकडं तिकडं करतो. आपण फक्त बघायचं."

आमच्या टोळीत दुसरा एक छुपा होता. करमाडचा पोरगा, शेंद्र्याच्या एका कंपनीत पत्रा दाबणाऱ्या प्रेसवर शिफ्टला. गेममधलं त्याचं नाव बिजली, म्हणून मीही बिजलीच म्हणते. बिजली मॅक्रो वापरायचा. मॅक्रो म्हणजे आधीच रचून ठेवलेली साखळी: एक बटण दाबलं, की विष, वार, भोवळ, पुन्हा वार आणि गायब, सगळं लागोपाठ आपोआप. मी पत्रकांवर वाढलेली मुलगी. मला हे सहन होईना. मी टोळीत एक जाहीर पत्रक टाकलं. मथळा होता 'बोटांचं काम बोटांनाच!' त्याखाली श्रम, कौशल्य आणि यंत्राची गुलामी यांवर भरपूर मजकूर. बिजलीनं माइकवर उत्तर दिलं.

"ताई, दिवसभर प्रेसवर हात चालिवतो म्या. घरी येऊन बी हातच चालवू व्हय? आन ती साखळी रचली कुणी? म्याच ना?"

मी तडक काकांकडं गेले. काकांना विचारलं, कौशल्य नेमकं कुठं असतं? बोटात, डोळ्यात, की साखळी रचणाऱ्या डोक्यात? काका म्हणाले, "मॅक्रोला सगळं येतं बेटा. फक्त थांबायला येत नाय." मला हे इतकं आवडलं, की बिजलीचा प्रश्न मी तिथंच सोडून दिला आणि मतदान मागितलं. थोडक्या मतांनी नियम मंजूर झाला: आपसातल्या झुंजीत मॅक्रो बंद, वापरणारा टोळीबाहेर.

बिजलीनं मॅक्रो काढला आणि काकांशी झुंजला. हरला. दुसऱ्या दिवशी पुन्हा हरला. आठवडाभर रोज हरला. मग माइकवर म्हणाला, "माझा काढून घेतला आन काकाचा चालू ठिवला व्हय? साठीतला माणूस इतक्या टायमावर वार करतो? दर बारीला? खोटं हाय हे. नियम लावा." पोरं कुजबुजली आणि रविवारी संध्याकाळी मत घ्यायचं ठरलं. नियम मी लिहिलेला, आणि अडकले काका.

काकांनी एका शब्दानं स्वतःची बाजू मांडली नाही. मी भांडले तर म्हणाले, "नक्को बेटा. ज्याच्यावर आरोप, त्याच्या बोलण्याला किंमत नसती. तीस वर्षं बघितलं." त्यांनी कॉम्प्युटरवर टॉवेल टाकला. चाची घाबऱ्याघुबऱ्या आमच्याकडं आल्या. "यांची तबियत बरी नाय. दोन दिवस झाले, माझ्या बाजूला चालायलेत."

तेव्हा मला समजलं, की हा गेम नव्हता. जन्मभर जिथं तिथं ओळखला गेलेला माणूस म्हातारपणी एका ठिकाणी दिसेनासा झाला होता, तेही स्वतःच्या हिमतीवर. ती एकच जागा टोळी त्यांच्याकडून काढून घ्यायला निघाली होती, आणि कारण काय, तर ते फार चांगलं खेळतात.

बाबांना गेममधलं काही कळत नाही. पण हे त्यांनी जेवता जेवता हात थांबवून ऐकलं. ते सातवीत असताना गणितात वर्गात पहिले आले होते. मास्तर म्हणाले, तुमच्या वस्तीतल्या पोराला इतके मार्क पडूच शकत नाहीत, कॉपी केली असणार. व्हरांड्यात बसवून पेपर पुन्हा लिहायला लावला, आणि मास्तर मागं उभे. "उत्तरं सगळी येत होती," बाबा म्हणाले. "हातच चालत नव्हता." मग ताटातला हात धुवून म्हणाले, "त्यांना सांग, रविवारी मी त्यांच्या मागं बसतो. रिपोर्ट मी लिहितो."

काकांनी निरोप ऐकला आणि टॉवेल काढला. "भाऊ बसणार असतील तर बसतो. बाकी कुणाला नाय दाखवणार."

रविवारी बाबांनी चपला पुसल्या. मला हसू आलं, पण ते गंभीर होते. काकांच्या खोलीत त्यांनी प्लॅस्टिकची खुर्ची बरोबर मागं लावली, मांडीवर वही घेतली. बिजली समोरून तयार होता. सगळी टोळी माइकवर कान लावून होती. आणि झुंजी सुरू झाल्या तसे काका हरायला लागले. पहिली हरले. दुसरी हरले. समोरचा उघडा पडायचा आणि काकांची बोटं बटणावर तशीच राहायची. जन्मभर दुसऱ्यांच्या पाठीवर नजर ठेवलेल्या माणसाला स्वतःच्या पाठीवरची नजर पेलवत नव्हती. ते वळून वळून बाबांकडं पाहत होते. "भाऊ, पेन जोरात चालायलंय तुमचं." बाबा म्हणाले, "तुम्ही तुमचं काम करा साहेब, मला माझं करू द्या." तीही हरले, त्यापुढचीही हरले. मी तोंड फिरवून खिडकीबाहेर पाहत राहिले. वाटलं, संपलं सगळं.

मग बाबांनी माइक मागून घेतला आणि सभेत वाचतात तसं वाचलं.

"सदर इसम रविवारी सायंकाळी कॉम्प्युटरसमोर बसला. सदर इसमाने सर्व बटणे स्वतःच्या बोटांनी, एकेक करून दाबली. सदर इसम मधूनमधून काहीच करत नव्हता. विचारले असता 'बघतोय' असे म्हणाला. सदर इसम सगळ्या झुंजी हरला. सदर इसमाचे हात कापत होते. मॅक्रोचे हात कापत नसावेत असे मला वाटते. हात का कापतात ते मला माहीत आहे. सदर इसम मॅक्रो वापरत नाही." खाली स्वतःचं नाव, आणि त्याखाली, "मुद्रक कोणी नाही, हाताने लिहिले आहे."

आधी बिजली बोलला. "खरं हाय. आज म्या कितींदा उघडा पडलो, पण काकाचा वारच येईना. मला वाटलं नेट गेलं. मॅक्रो असता तर तेवढ्यात उडिवला असता मला. मॅक्रोला कुठली आली लाज?" मग म्हणाला, "काका, राग धरू नका. उद्या या. पण मागं कुणाला बसवू नका, लई वंगाळ खेळता तुम्ही." टोळी हसली आणि मत घ्यायचं राहूनच गेलं.

काकांनी तो कागद मागितला. कचेरीसाठी एक आणि स्वतःसाठी एक अशी सवय, म्हणून बाबांना दोन प्रती लिहाव्या लागल्या. काकांनी एक घडी करून शर्टाच्या खिशात ठेवली. "इतक्या लोकांवर लिहिलं मी भाऊ," ते म्हणाले. "माझ्यावर कुणी लिहिलं नव्हतं."

नियमाचं आमचं अजून ठरलेलं नाही. प्रेसवर हात चालवून आलेल्या पोरानं घरी काय करावं, यावर माझ्याकडं पत्रक तयार नाही. मी अजून विचारच करते आहे. बिजली आता कधी मॅक्रो लावतो, कधी लावत नाही, आणि काकांच्या मागं मागं फिरून थांबायला शिकतो आहे. संध्याकाळी बाबा आणि काका चहाला निघतात. काका सवयीनं मागं राहतात. त्या रविवारपासून बाबाही मागं राहायला लागलेत. त्यामुळं टपरी चार घरांवर असूनही दोघं बराच वेळ रस्त्यातच उभे दिसतात, 'तुम्ही व्हा पुढं' करत. दोघांचंही वय झालंय. मी गॅलरीतून पाहत असते आणि हाक मारत नाही.

तुम्हाला एकच मागणं आहे. कुणाचं काम इतकं चांगलं दिसलं की ते त्याचं स्वतःचं नसणार असं वाटायला लागलं, तर तोंड उघडण्याआधी एक खुर्ची घ्या आणि त्याची परवानगी घेऊन मागं बसा. जे दिसेल तेवढंच लिहा. तो त्या दिवशी हरला, तर तेही लिहा, आणि त्याचे हात कापत होते का ते जरूर पाहा. मग तो कागद सगळ्यांसमोर वाचा. आणि तळाला तुमचं नाव टाका, नाहीतर काकांना लिहावं लागेल.