शेवंती आणि तीन सत्कार

सत्तेची जागा कधी रिकामी राहत नाही, असं इतिहासाची पुस्तकं सांगतात. मीही मुलांना तेच शिकवत निवृत्त झालो. भीमेच्या काठी त्या मे महिन्यात मात्र ती जागा चार-चार दिवस रिकामी असायची आणि वाळूच्या गाड्या तरीही धावायच्या.

चोरून वाळू उपसणाऱ्या टोळीनं नदीत उतरायला रस्ता केला, तो आमच्या पाइपलाइनवरून. पाइप फुटला. बायकोनं नुकतीच अर्धा एकर शेवंती लावली होती. रोपं तिनं माहेराहून, कवठे येमाईहून आणलेली. पाइप जोडायला रस्ता खणायचा, म्हणजे गाड्या दोन तास थांबायला हव्यात. मी तक्रार द्यायला निघालो, तर ती म्हणाली, "कागद जाऊन येईस्तोवर रोपं जळतील. जो थांबवू शकतो त्यालाच भेटा."

टोळीचा म्होरक्या माझाच विद्यार्थी.

"सर, तुमचं काम म्हंजी आमचं काम. पर रविवारी माझा सत्कार हाय. दोन शब्द बोला."

टोळीत रीतच होती. मारुतीच्या देवळात ज्याला शाल मिळेल, त्याचं ड्रायव्हर ऐकत. शाल घालणारा माणूस मात्र स्वच्छ लागे. गावात असा निवृत्त मुख्याध्यापक एकच होता. 'दिलेल्या शब्दाला जागणारा' असं मी मुद्दाम तीनदा म्हणालो. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यानंही.

सोमवारी त्याच्या मेव्हण्यानं पोकलेनच्या किल्ल्या काढून घेतल्या.

"तो शब्द दाजींचा व्हता, सर," मेव्हणा म्हणाला. "माझा न्हाई. माझा सत्कार बुधवारी हाय."

मी वरवंडहून शाल आणली. भाषण तेच वाचलं, कुणाच्या लक्षात आलं नाही. शुक्रवारी दाजींच्या माणसांनी मेव्हण्याला चोपलं आणि दोघंही गावातून गायब झाले.

"आज कोण हाय गादीवर?" बायकोनं विचारलं. रोपांच्या माना पडल्या होत्या.

"कुणीच नाही."

"मग आजच खणा की!"

मी कुदळ घेऊन रस्त्यात उभा राहिलो. पहिल्याच गाडीचा ड्रायव्हर काच खाली करून म्हणाला, "सर, बाजूला व्हा. थांबायचं कुणी सांगितलंच न्हाई आम्हाला."

चार दिवसांनी दाजींचाच जुना ड्रायव्हर म्होरक्या झाला. तिसरा सत्कार. या वेळी मी माइकसमोर शाल हातातच धरून ठेवली. "आधी पाइप, मग शाल."

नवा म्होरक्या हसला. "सर शाळेतबी असंच अडवायचे. बरं, उद्या सकाळी गाड्या बंद."

मी शाल घातली. सकाळी खरंच एकही गाडी नव्हती. पाइप जोडायला पाऊण तास लागला. बायकोनं मोटार चालू केली. शेवंतीचे तीन वाफे तगले, बाकीची वाळली होती. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या भाषणाचा उपयोग झाला, असं वाटून मी बांधावर जरा ताठ बसलो.

दुपारी पोकलेन ट्रेलरवर चढवताना तो नवा म्होरक्या दिसला. मी आभार मानले.

"कशाचं, सर?" तो म्हणाला. "हितली वाळू काल सांजच्यालाच संपली."