बारा करी पफ आणि एक भाषण

पहिल्याच टेकला मी करी पफ खाल्ला. अख्खा. आणि सेटवर कुणी काय खायचं, किती खायचं, यावर लक्ष ठेवण्याचा पगार मलाच मिळत होता.

माझं काम कंटिन्युइटी. एकच प्रसंग चार बाजूंनी चार वेळा चित्रित होतो आणि एडिटर ते तुकडे जोडतो. एका तुकड्यात कप उजव्या हातात आणि पुढच्यात डाव्या, असं झालं की जोड उघडा पडतो. तसं होऊ नये म्हणून वही आणि पोलरॉइड कॅमेरा देऊन एक कटकट्या माणूस बसवलेला असतो. तो मी. बायकोला तांजोंग पगारच्या बँकेत नोकरी लागली, तिच्या मागोमाग मी सिंगापूरला आलो आणि मुंबईच्या मालिकांतली कटकट इथे पुढे चालू केली.

शूटिंग सेम्बावांगच्या एका जुन्या बंगल्यात होतं. गोदीतला इंग्रज अधिकारी निवृत्त होऊन मायदेशी निघालाय आणि चहाच्या टेबलावर आपल्या भारतीय हेडक्लार्कचा निरोप घेतोय, असा प्रसंग. अधिकारी झालेले मिस्टर क्रॅडक खास लंडनहून आले होते. सत्तरी ओलांडलेली. ज्यांचा चेहरा आपण शंभरदा पाहिलेला असतो आणि नाव एकदाही ऐकलेलं नसतं, अशा नटांपैकी एक. बटलर, डॉक्टर, पाद्री, न्यायाधीश.

हेडक्लार्कचं काम करणाऱ्या नटाला कांजिण्या आल्या. सेटवर मिशीवाला भारतीय मी एकटाच.

"एक शब्द बोलायचा नाही," आमची दिग्दर्शिका सुआन म्हणाली. "नुसतं बसायचं. कॅन?"

"कॅन," मी म्हणालो. इथल्या इंग्रजीत 'जमेल का?' आणि 'जमेल' दोन्हींना हाच शब्द, हवं तर शेवटी एक 'लाह'.

वही मांडीवर लपवून बसलो. दुपारचं जेवण चुकलं होतं. समोर बशीत करी पफ. म्हणजे आपल्या करंजीचा तिखट थोरला भाऊ, आत बटाटा आणि चिकन. क्रॅडक बोलायला लागले. तीस वर्षांची नोकरी, इथेच पुरलेली बायको, आणि तिकडे विलायतेत वाट बघणारं कुणीच नाही. काय बोलत होता तो माणूस! मी रंगून गेलो. घरी सोफ्यावर बसून टीव्ही बघताना जातो तसा माझा हात बशीकडे गेला.

"कट!" सुआन डोळे पुसत होती. "हा टेक ठेवायचा. असा परत मिळणार नाही." मग तिचं लक्ष बशीकडे गेलं. "पफ कुठे गेला?"

मी मिशीवरचा चुरा झटकला.

"आयया! सकाळी सगळ्यांना लेक्चर कुणी दिलं, सीनमध्ये खाऊ नका म्हणून?"

मीच दिलं होतं. कारण पहिल्या टेकला खाल्लं, की उरलेल्या प्रत्येक टेकला खावं लागतं. त्याच शब्दाला, तेवढाच घास. घास थुंकायला बादली ठेवतात, पण मी कॅमेऱ्यादेखत गिळून मोकळा झालो होतो. क्रॅडकनी मात्र त्यांच्या बशीतला केक कापला होता, तीनदा काटा उचलला होता, आणि तोंडात कणही घातला नव्हता. अनुभव म्हणतात तो हा.

चौथ्या पफनंतर मी हळूच सुचवलं, "पहिला टेक सोडून देऊ या का? नव्याने करू, न खाता."

सुआन काही बोलायच्या आत क्रॅडक माझ्याकडे वळले.

"मिस्टर जोशी, मी जवळजवळ दोनशे कामं केली. त्यातली बहुतेक 'गाडी आलीय, सर' एवढ्यावर संपली. मोठं भाषण तीनदा मिळालं. तिन्ही वेळा एडिटरने उडवलं. तुकडे जुळले नाहीत की त्याला निमित्तच मिळतं. हे चौथं आहे. पाचवं मिळण्याइतकं वय राहिलेलं नाही." त्यांनी माझी बशी माझ्याकडे सरकवली. "तेव्हा कृपा करून खा."

खाल्ले. वहीत स्वतःवरच नोंदी केल्या: 'तीस वर्षं' म्हटल्यावर पहिला घास, डावा गाल. बायकोचं नाव आलं की दुसरा. आठव्या पफला माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

"रडू नको!" सुआन ओरडली. "पहिल्या टेकमध्ये तू खूश दिसतोस!"

प्रॉप्स सांभाळणाऱ्या लिम आंटींनी बाराच पफ आणले होते. अकराव्या टेकला, ऐन भाषणाच्या शेवटी, डोक्यावरून हेलिकॉप्टर गेलं. आवाज वाया, पफ वाया. उरला एक. खिडकीतलं ऊनही उतरत आलं होतं. तो बारावा मी असा खाल्ला, जणू सकाळपासून पोटात काही नव्हतं. क्रॅडक शेवटचं वाक्य बोलले. मी त्याच शब्दाला गिळलं.

"कट. जुळलं," सुआन म्हणाली.

क्रॅडक उठले, टेबलाला वळसा घालून आले आणि दोन्ही हातांनी माझा हात दाबला. मी नुसती मान डोलावली. तोंड उघडणं धोक्याचं होतं.

काही महिन्यांनी टीव्हीवर मालिकेचा तो भाग लागला. भाषण पूर्ण होतं, एक शब्द कापला नव्हता. यातून मी एवढंच शिकलो की सेटवर जाताना जेवून जावं. पण त्या संध्याकाळी मी भलताच खुशीत होतो. सोफ्यावर बायको डोळे टिपत होती. नऊ वर्षांची लेक मात्र पडद्यावरच्या माझ्याकडे कपाळाला आठ्या घालून बघत होती.

"ते आजोबा रडतायत," ती म्हणाली, "आणि बाबा नुसता खातोय. सो रूड, लाह!"