काळ्या मातीत रुतलेला साखरपुडा

मे महिन्यात आदिलाबादला कोण जातं? आम्ही गेलो. शालूताईच्या, म्हणजे माझ्या मावसबहिणीच्या मुलीचा साखरपुडा होता, आणि "ऊन फार आहे गं" हे ताई ऐकून घेणाऱ्यांतली नाही.

नागपूरहून पहाटेच निघालो. पांढरकवड्याला चहा, आदिलाबादला पुन्हा चहा. पुढे इच्चोड्यापर्यंत महामार्ग इतका गुळगुळीत, की माझे यजमान अनिल गाऊ लागले. बाजारहत्नूरकडे वळलो आणि गाणं बंद पडलं. रस्ता वरखाली, विजेचे खांब तिरपे, दोन्हीकडे कापसाची रिकामी काळी रानं आणि जमिनीला हात आत जाईल एवढ्या भेगा. तुम्ही जाणार असाल तर गाडी हळू चालवा, पाणी भरून न्या आणि नव्या चपला घरीच ठेवा. का, ते कळेलच.

ताईच्या घरात शिरताच मी म्हटलं, "किती कॅलेंडरं ही!"

"भेगा झाकून राह्यलो," भाऊजी म्हणाले. ते शाळेत मास्तर आहेत. "आमची माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. घरबी तिच्यासंगं हलते. बाथरूमची कडी लावू नका, दार अडकते."

अनिलनी कडी लावली. त्यांना बाहेर काढायला पहार लागली. नंतर अंबाडीची भाजी, ठेचा आणि ज्वारीची भाकर समोर आल्यावरच ते बोलू लागले.

दुसऱ्या दिवशी, ऐन साखरपुड्याच्या सकाळी, नळ कोरडा. आकसणाऱ्या मातीने जमिनीतला पाइप ओढला होता आणि कुठेतरी जोड निसटला होता. कुठे, ते कळेना, कारण गळणारं सगळं पाणी भेगा पीत होत्या. वर थेंब दिसत नव्हता. भाऊजी आणि अनिल खणू लागले. इथे नाही, मग थोडं पुढे. तिथेही नाही. अखेर जोड सापडला तो ऐन मांडवाच्या तोंडाशी, काळ्याभोर चिखलात. तोवर दारात लांबलचक चर पडला होता आणि अनिलच्या प्रत्येक चपलेखाली दुसरी चप्पल आली होती, मातीची.

"जय भीम! काऊन खणून राह्यले हो? साखरपुडा हाय का विहीर?"

इंद्रवेल्लीचे व्याही गाडीतून उतरत होते. पांढरा शर्ट, चकचकीत बूट. मागे नवरामुलगा आणि बाया. ताईचा चेहरा उतरला. "पाय धुवाले पाणी नाही," ती माझ्या कानात पुटपुटली, "कोनत्या तोंडानं आत बोलवू?"

व्याही चरात डोकावले, त्यांचा पाय घसरला आणि ते सरळ आत गेले. आम्ही धावून त्यांना ओढलं. व्याही वर आले, एक बूट खालीच राहिला.

तेवढ्यात प्रणाली, म्हणजे नवरीच, खुदकन हसली. ताईने तिला चिमटा काढला, तर ती आणखीच हसली.

व्याह्यांनी चिखलाने भरलेल्या पायाकडे पाहिलं. "सून हासली, म्हंजे पसंती झाली!" म्हणाले, आणि पँट वर दुमडून पुन्हा चरात उतरले. "आमच्या घरीबी हेच रडगाणं हाय. पाइपाचं टोक सरळ कापाले आरी द्या. आन् पाइपाखाली मुरूम टाकू, काळी माती त्याले भिडू नये."

मुलाने बाह्या सरसावल्या. बायका घमेल्यांनी मुरूम आणू लागल्या. नळाने आधी खोकला काढला, मग गढूळ पाणी, मग स्वच्छ. टाळ्या साखरपुड्याच्या आधीच वाजल्या. त्रिशरण-पंचशील म्हणताना सगळ्यांचे पाय काळे होते.

परतल्यावर लोक विचारतात, तिकडे बघण्यासारखं काय आहे? मी फोटो दाखवते. फोटोग्राफरने सगळ्यांना गुडघ्यांवरून कापलंय. एकच फोटो पूर्ण आला आहे: प्रणाली आणि तिचा होणारा नवरा चराच्या काठावर उभे आहेत, एकमेकांचे चिखलाचे पाय बघत हसताहेत, जणू फार दिवसांची ओळख असावी.