मावशीच्या भिंतीवरचा पाइप

मावशीला खोटं बोलता येत नाही. तिचा गुण म्हणून हे सांगत नाही, आमच्या घरात तो आजार समजला जातो. ताईच्या, म्हणजे तिच्या मुलीच्या, होणाऱ्या सासूबाई पहिल्यांदा घरी आल्या, तेव्हा चहाचा कप पुढे करत मावशीने त्यांना सांगितलं होतं, की मुलगी हुशार आहे, मनाने निर्मळ आहे, पण सकाळी तिला उठवायला दोन माणसं लागतात. त्या बाई हसल्या म्हणून लग्न झालं. ताईने ते अजून मनातून काढलेलं नाही.

त्यामुळे कोर्टात शपथेवर एक वाक्य म्हणायचं आहे आणि आई ते म्हणायला तयार नाही, असा ताईचा फोन आला, तेव्हा मला काहीच नवल वाटलं नाही. ताई म्हणाली, तू मशीनमधलं शिकलायस, तूच तिला समजाव, माझं डोकं चालेनासं झालंय. मशीनचा आणि शपथेचा काय संबंध, हे मला तिथे गेल्यावर कळलं.

मावशी कागद कारखान्याच्या क्वार्टरमध्ये राहते. दोन खोल्या आणि मागे धुण्याची मोरी. पुढच्या खोलीत शिलाई मशीन, त्याच्या भोवती हिरव्या कापडाचे ढीग. हॉस्पिटलसाठी ऑपरेशनचे गाऊन शिवून देते. शिवण इतकी सरळ, की हॉस्पिटलचा माणूस आता कापड मोजूनही घेत नाही. मशीन स्वयंपाकघराच्या भिंतीला टेकवलेलं आहे आणि त्या भिंतीवरून, तिच्या डोक्याच्या उंचीवरून, एक लोखंडी पाइप जातो.

काका, म्हणजे तिचे यजमान, कारखान्यात बॉयलरवर होते. बॉयलरघरात एक शिस्त असते. कागद वाळवायच्या विभागात वाफ सोडायची, तर आधी पाइपवर पान्याने दोन ठोके द्यायचे. तिकडे कुणाचा हात रोलरमध्ये असेल, कुणी आत उतरलेलं असेल. तिकडून एक ठोका आला, म्हणजे हो. उत्तर आल्याशिवाय व्हॉल्व्हला हात लावायचा नाही, मग मॅनेजर डोक्यावर उभा राहिला तरी. क्वार्टरला गरम पाणी पुरवणारा पाइप त्याच बॉयलरवरून निघालेला. काकांनी ती शिस्त घरापर्यंत आणली. संध्याकाळी पाळी संपली की पाइपवर दोन ठोके: निघू का? मावशी कात्रीच्या मुठीने एक ठोका द्यायची: हो. मग ती तवा ठेवायची. एकदा ती शेजारी गप्पा मारत बसली, तर हा माणूस तासभर बॉयलरपाशीच बसून राहिला आणि घरी येऊन तोंड फुगवून म्हणाला, की उत्तर नाही तर कसा निघणार.

सात वर्षांपूर्वी एका संध्याकाळी दोन ठोके आले. मावशीने एक दिला, तवा ठेवला. काका आले नाहीत.

कारखान्याच्या गेटवर ते सकाळी आत गेल्याची नोंद होती. बाहेर पडल्याची नव्हती. त्यांचा डबा, चपला, पान्यांची पिशवी, सगळं जागच्या जागी होतं. लगद्याच्या टाक्या रिकाम्या करून पाहिल्या, कोळशाचा ढीग उपसला. काही सापडलं नाही. कुणी म्हणालं, मागच्या भिंतीवरून उडी मारून दुसऱ्या गावी गेला असेल. मावशीने त्याला विचारलं, की अनवाणी?

पुढच्या वर्षांत कारखान्याने आपल्या दप्तरी "नोकरी सोडली" असं लिहून टाकलं, आणि पुढे कारखानाच बंद पडला. खरा तिढा इथे आहे, म्हणून मावशीची केस चालवणाऱ्या वकीलबाईंनी मला जसा समजावला तसाच सांगतो. माणसाने नोकरी सोडली असेल, तर फंडातले पैसे त्याचे, ते काढायला त्याचीच सही हवी, आणि वर कर कापला जाणार. माणूस नोकरीत असताना वारला असेल, तर बायकोला तहहयात पेन्शन, विमा, आणि कराचीही सूट. मात्र मावशीचा नवरा ना सही करायला येत होता, ना वारला होता. सात वर्षं ज्याचा पत्ता नाही त्याला कोर्ट मृत धरू शकतं, पण कोणत्या तारखेपासून? आजपासून धरलं तर आज कारखानाच नाही, मग नोकरीत कसला? वकीलबाईंनी गेटची नोंद पकडली. माणूस आत गेला, बाहेर आलाच नाही. म्हणजे कामावरून तो कधी सुटलाच नाही. जे काही झालं ते कामावरच झालं. त्या हे मोठ्या समाधानाने सांगत होत्या. मला मात्र ऐकताना कसंसंच झालं. कायद्याच्या हिशोबाने काका अजून आतच होते.

आता फक्त मावशीने शपथेवर सांगायचं होतं, की या सात वर्षांत माझे पती जिवंत असल्याची कोणतीही बातमी किंवा खूण मला मिळालेली नाही. तारीख दुसऱ्या दिवशी सकाळची होती. क्वार्टर पाडायला काढले होते, महिनाअखेर जागा सोडायची होती, आणि पेन्शन नसेल तर कुठे भाड्याने राहण्याइतकं शिवणकामात सुटत नव्हतं. ताईच्या घरी ती जाणार नव्हती. सासूबाईंना आणखी काय काय सांगेल या भीतीने ताईनेही फार आग्रह केलेला नव्हता.

"अगं, पण अडचण काय आहे?" मी विचारलं.

मावशीने सुईत दोरा ओवला, गाठ मारली आणि मग म्हणाली, "खूण मिळते ना रोज. मग नाही कसं म्हणू?"

रोज संध्याकाळी, पाळी सुटायच्या वेळेला, पाइपवर दोन ठोके पडतात. सात वर्षं. सुरुवातीला ती उत्तर द्यायची आणि ताट वाढून बसायची. मग तिने उत्तर देणं बंद केलं. बोलावलं तर येत नाही, मग कशाला बोलावू, असं तिचं म्हणणं. नवऱ्याशी तिने अबोला धरला होता. मला हसू आलं, पण ते चेहऱ्यावर आलं नाही.

मला याचं उत्तर ठाऊक होतं. वाफेच्या पाइपात थंड पाणी साचलं की ते आदळून ठोके येतात, आमच्या पहिल्याच वर्षाच्या पुस्तकात आहे. बॉयलर बंद असला तरी दिवसभर तापलेलं लोखंड संध्याकाळी आकसतं, ब्रॅकेटमध्ये सरकतं आणि आवाज करतं. हे मी तिला कागदावर चित्र काढून सांगितलं. तिने चित्र नीट पाहिलं. "बरोबर असेल तुझं," ती म्हणाली. "पण लोखंड दोनदाच कसं आकसतं रे? कधी तीनदा नाही, कधी एकदा नाही."

मी म्हणालो, पाइप कुठे सैल झालाय ते शोधून काढतो आणि तिथे पाचर मारतो. आज ठोके आले नाहीत, तर उद्या शपथ घेशील? ती म्हणाली, आले नाहीत तर घेईन. ताईला मी तसा फोनही करून टाकला.

पाइप मोरीच्या भिंतीतून बाहेर पडत होता आणि क्वार्टरच्या मागून लोखंडी खांबांवरून कारखान्याकडे जात होता. बाकीच्या क्वार्टरमधले लोक केव्हाच गेलेले. दारंखिडक्यासुद्धा काढून नेल्या होत्या. मी प्रत्येक खांबापाशी थांबून ब्रॅकेट हलवून पाहत होतो. एकही सैल नव्हता. गंजून पाइपशी एकजीव झाले होते सगळे. हे मला आवडलं नाही, पण म्हटलं, दोष पुढे कुठेतरी असेल.

कारखान्याच्या कुंपणाला भगदाड होतं. मी पाइपच्या मागोमाग आत गेलो. आणि तिथे पाइप संपला.

भंगारवाल्यांनी तो गॅसने कापला होता. खांबावरून खाली झुकलेलं, छातीच्या उंचीवर उघडं तोंड. कापलेल्या कडेवर वितळून थिजलेले लोखंडाचे मणी, त्यावर जुना गंज. तोंडावर कोळ्याने जाळं विणलेलं, त्यात वाळलेल्या माश्या. पलीकडे बॉयलरघर होतं तिथे आता नुसता काँक्रीटचा चौथरा आणि त्यातून वर आलेले बोल्ट. ना बॉयलर, ना भिंत. उघड्यावर गवत माजलेलं, सूर्य कलता, माणूस कुठेच नाही.

मी पाइपच्या तोंडाशी हात टेकवून उभा राहिलो. लोखंड गार होतं. दिवसभराच्या उन्हानंतरही गार होतं, हे तेव्हा लक्षात यायला हवं होतं.

दोन ठोके आले.

मी आवाजाबद्दल बोलत नाही, ते मला तळहातात लागले. कुणी हाताच्या अगदी जवळ, कापलेल्या कडेवरच पान्याने मारावे तसे. जाळं थरथरलं आणि स्थिर झालं. मग ठोके पाइपमधून क्वार्टरकडे गेले. जाताना ऐकू आले मला, खांबामागून खांब, लांब लांब.

मी पळालो नाही, पण चाललोही नाही.

मावशी मशीन थांबवून बसली होती. "ऐकलंस?" तिने विचारलं. मी मान डोलावली. तिला काय सांगावं याचा मी वाटभर विचार केला होता. ब्रॅकेट सैल होता, आता ठीक केला, असं म्हटलं असतं तर ताई सुटली असती आणि मीही सुटलो असतो. पण तिच्यासमोर खोटं बोलायला जीभ रेटेना. मी जे पाहिलं ते सांगितलं. पाइप कापलाय. पलीकडे काही नाही.

तिने विचारलं, "पक्का कापलाय? जोडलेला कुठूनच नाही?"

"नाही."

"म्हणजे जित्या माणसाला बॉयलरघरातून ठोकायचं म्हटलं, तर ठोका इथवर येणार नाही."

"येणार नाही, मावशी."

"आणि तिथे उभा राहून ठोकावं, तर तू तिथेच होतास. कुणी नव्हतं."

"कुणी नव्हतं."

ती उठली. तिचा चेहरा मला आधी उतरलेला वाटला, मग वाटलं की नाही, सैलावलाय. ती म्हणाली, इतकी वर्षं मी समजत होते, हा कुठेतरी आहे आणि मुद्दाम येत नाही. मग म्हणाली, "त्याला यायचंच होतं की रे."

तिने मशीनवरची कात्री उचलली, उलटी धरली. मला वाटलं, आता एक ठोका देईल, इतक्या वर्षांचा राहिलेला. तिने दोन दिले. सावकाश, स्पष्ट. निघू का?

आम्ही वाट पाहत उभे राहिलो. खिडकीबाहेर उजेड कमी होत होता, हिरवं कापड काळपट दिसायला लागलं होतं. मी स्वतःला सांगत होतो, की कापलेल्या पाइपमधून उत्तर येऊ शकत नाही, आणि हे सांगत असतानाच माझा हात भिंतीपासून लांब सरकत होता. मावशी मात्र तिथेच, पाइपकडे कान करून. उत्तर आल्याशिवाय व्हॉल्व्हला हात लावायचा नाही. तिने त्या बॉयलरघरात कधी पाऊल टाकलं नव्हतं, पण ती शिस्त तिच्याइतकी कुणी पाळली नसेल.

एक ठोका आला.

मावशीने कात्री खाली ठेवली, पदराने पाइपवरची धूळ पुसली आणि मला विचारलं, जेवून जाणार ना?

सकाळी कोर्टात ताई आमच्या मागे नखं कुरतडत बसली होती. वकीलबाईंनी गेटची नोंद दाखवली, तारखेचा मुद्दा मांडला. न्यायाधीशांनी चष्मा वर करून मावशीला विचारलं, की सात वर्षांत पतीची काही खबर, काही खूण?

मावशीने पदर सारखा केला. ताईचा श्वास मला ऐकू येत होता.

"जिवंत असल्याची ना, साहेब?" मावशीने विचारलं.

"हो. जिवंत असल्याची."

"नाही," मावशी म्हणाली. "ती नाही मिळाली."

न्यायाधीशांनी तिच्याकडे क्षणभर पाहिलं, मग मान खाली घालून लिहायला लागले. तारीख त्यांनी तीच धरली, ज्या दिवशी काका आत गेले.